कळा सुरू झाल्यावर ऊन पाणी घ्यावे का?

ताई, तुम्ही लिहिले आहे की पहिल्या बाळंतपणासाठी तुम्ही गुहागर तालुक्यात माहेरी आला आहात आणि नाव चिपळूणच्या रुग्णालयात घातले आहे. आई सांगते की कळा आल्या की कढत पाण्याने न्हाऊन घे, मैत्रीण टबात बसण्याविषयी सांगते, आणि घरी तर टब नाही. मग यातले काय खरे आणि बाळाला त्याचा त्रास होतो का, असा तुमचा प्रश्न आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयाच्या प्रसूतिकक्षात मी २८ वर्षे परिचारिका होते, त्या अनुभवावरून लिहिते.

आराम निश्चित पडतो, आणि त्यासाठी टब लागत नाही. माझ्या पहिल्या खेपेला पहाटे कळा सुरू झाल्या, तेव्हा आईने मला न्हाणीत उंच पाटावर पुढे वाकवून बसवले आणि चुलीवरच्या हंड्यातले पाणी विसण घालून तांब्यातांब्याने माकडहाडाच्या वर सावकाश ओतत राहिली. कळ थांबली नाही, पण ती येण्याआधीच अंग आवळून घेण्याची जी भीती असते ती सुटली. पुढे नोकरीत त्यामागचे कारण समजले. उबेमुळे कंबर आणि ओटीपोटाचे स्नायू सैल पडतात, आणि ऊब व स्पर्श यांच्या संवेदना मज्जारज्जूत पोहोचल्या की वेदनेच्या संदेशाला वाट अरुंद होते; मेल्झॅक आणि वॉल या दोघांनी १९६५ मध्ये मांडलेला हा विचार पुढे बराच सुधारला गेला असला, तरी त्याचा गाभा आजही मानला जातो. टबात याखेरीज शरीराचा भार पाणी उचलते, एवढा त्याचा अधिक लाभ. २०१८ मध्ये १५ चाचण्या आणि साडेतीन हजारांहून अधिक स्त्रिया यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला, त्यात प्रसूतीच्या पहिल्या टप्प्यात पाण्यात बसलेल्या स्त्रियांना पाठीतल्या भुलीची गरज थोडी कमी लागली आणि आई किंवा बाळ यांना अपाय वाढल्याचे आढळले नाही. मात्र हे निष्कर्ष मुख्यतः निरोगी, दिवस पूर्ण भरलेल्या स्त्रियांचे आहेत. प्रत्यक्ष बाळ पाण्यात जन्मावे की नाही हा वेगळा प्रश्न आहे. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये जन्म पाण्याबाहेरच व्हावा असा सल्ला दिला होता, आणि घरी तर तो विचार मुळीच करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आईच्या सांगण्यातला "कढत" हा शब्द तेवढा बदला. टबासाठी ३७.५ अंश सेल्सियसच्या वर पाणी जाऊ देत नाहीत, कारण बाळाचे तापमान आईपेक्षा सुमारे अर्धा अंश जास्तच असते आणि आईचे अंग तापले की बाळाच्या हृदयाचे ठोके वाढतात. अंगावर ओतायचे पाणीही कोपर बुडवून सुखद लागेल इतपतच असावे. कातडी लाल झाली, घाम फुटला किंवा गरगरले, तर लगेच थांबावे आणि पाणी प्यावे. (तुरळ, राजवाडी किंवा उन्हवरे येथील उन्हाळ्यांच्या, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांच्या, कुंडात उतरण्याचा आग्रह कोणी केला, तर नम्रपणे नकार द्या; त्या पाण्याची उष्णता आपल्या हातात नसते.) न्हाणीत एकटीने जाऊ नका, कडी लावू नका आणि ओल्या कोब्यावर पायाखाली गोणपाट घाला. घरी गॅसचा गिझर असेल तर तो बंद न्हाणीघरात चालवून आत बसणे जिवावर बेतू शकते, कारण त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

आमच्या भागातल्या जुन्या सुइणी ऊन पाण्याचा आणखी एक उपयोग करीत, आणि तो आजही खरा आहे: पाणी घेऊन डाव्या कुशीवर पडल्यावर कळा विरून गेल्या तर त्या बहुधा खोट्या, आणि ठरावीक अंतराने वाढतच राहिल्या तर खऱ्या. परंतु या परीक्षेत फार वेळ घालवू नका. गुहागरहून चिपळूण सुमारे ४५ किलोमीटर आहे आणि पावसाळ्यात तोच रस्ता अधिक वेळ घेतो. म्हणून कळा नियमित झाल्या की, त्या पाच मिनिटांवर येण्याची वाट न पाहता, रुग्णालयाला दूरध्वनी करून निघण्याची तयारी करा. वाहन नसेल तर १०८ किंवा १०२ वर रुग्णवाहिका मागवता येते. पाणमोट फुटली, रक्त जाऊ लागले, पाणी हिरवट दिसले, बाळाची हालचाल मंदावली, ताप आला, डोके फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, किंवा ३७ आठवडे पूर्ण होण्याआधीच कळा आल्या, तर न्हाणीकडे वळूच नका, थेट निघा.

रुग्णालयात पोहोचल्यावरही ऊब मागता येते, आणि ती मागण्यात संकोच वाटू देऊ नका. माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षांत आम्ही बायकांना खाटेवर उताणे निजवून ठेवत असू, याचे मला आजही वाईट वाटते. ऊन पाण्यात पिळलेला पंचा कमरेवर ठेवणे आम्हाला तेव्हाही सहज जमले असते. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कळांच्या वेळी शेक आणि मालिश यांना मान्यता दिली, तसेच बाळाचे डोके खाली येत असताना जननमार्गाच्या बाहेरच्या भागावर उबदार ओला कपडा धरण्याची शिफारस केली, कारण त्यामुळे गुदद्वारापर्यंत जाणाऱ्या मोठ्या फाटण्याचे प्रमाण घटते. हा दुसरा शेक प्रसूती करणाऱ्या परिचारिकेनेच द्यायचा असतो, पहिला मात्र सोबतीला आलेली आई देऊ शकते. सरकारी रुग्णालयात प्रसूतीच्या वेळी स्त्री सोबती ठेवण्याची मुभा केंद्र सरकारने २०१६ पासून दिली आहे. तुमच्या रुग्णालयाचा नियम पुढच्या तपासणीच्या वेळीच विचारून घ्या, आणि तेव्हाच रात्री-अपरात्री तिथे ऊन पाणी मिळते का हेही विचारा. मिळत नसेल तर पिशवीत मोठा थर्मास आणि धुतलेले चार सुती पंचे ठेवा. थर्मासमधले पाणी विसण घातल्याशिवाय अंगाला लावू नका.