दुसर्या की दुसऱ्या? आचारी, आचार्य आणि एक निसटणारा र

प्रश्न असा आहे: 'दुसऱ्या' टंकायला गेलं की पुष्कळदा 'दुसर्या' उमटतं आणि वाचणारे लगेच टोकतात. अर्थ तर कळतोच, मग हा नुसता दिसण्याचा फरक नाही का?

नाही. फरक उच्चाराचा आहे, आणि म्हणून काही ठिकाणी अर्थाचाही. 'दर्या' आणि 'दऱ्या' मोठ्याने म्हणून पाहा. 'दर्या' म्हणताना आघात 'द'वर येतो, दर्-या. 'दऱ्या' म्हणताना 'द' मोकळा सुटतो आणि र पुढच्या 'या'ला चिकटतो. पहिला समुद्र, दुसऱ्या डोंगरातल्या. तसंच चर्या म्हणजे चेहऱ्यावरचा भाव, चऱ्या म्हणजे खोदलेल्या चरी. आर्या हे वृत्त, आऱ्या ही चामडं टोचायची हत्यारं. सगळ्यांत जास्त घोटाळा आचाऱ्यांचा होतो. 'आचार्यांनी स्वयंपाक उरकला' असं वाचलं की गुरुजीच चुलीपुढे बसलेले दिसतात, कारण आचारीचं 'आचाऱ्यांनी' होतं आणि आचार्यचं 'आचार्यांनी'. इथे संदर्भ मदतीला येतो खरा, पण वाचणारा आधी अडखळतो आणि मग सावरतो. कवितेत तर तेवढीही सवलत नाही. 'दुसऱ्या'च्या मात्रा १+१+२ म्हणजे ४; 'दुसर्या'च्या १+२+२ म्हणजे ५. गझलेची ओळ बिनचूक असूनही कागदावर एका मात्रेने लांबते.

कुठे काय लिहायचं हे मूळ शब्दावरून कळतं. मूळ शब्दाच्या शेवटी रा किंवा री असेल आणि रूप बदलताना 'या' आला असेल, तर ऱ्या: दुसरा-दुसऱ्या, वारा-वाऱ्यावर, सुरी-सुऱ्या, शेतकरी-शेतकऱ्यांना, येणारा-येणाऱ्या. मूळ शब्दातच र्य असेल तर रफार: सूर्य, कार्य, धैर्य, पर्याय. 'ह'च्या आधीही हाच, 'ऱ्या'तला पापणीसारखा दिसणारा र येतो: तऱ्हा, कुऱ्हाड, गुऱ्हाळ, वऱ्हाड. 'अर्हता'सारख्या संस्कृत शब्दांत मात्र रफारच.

आता टंकण्याचं. देवनागरीत 'र' आणि पायमोड (अक्षर अर्धं करणारी खूण) यांच्यापुढे व्यंजन आलं की संगणक रफार करतो, तो त्याचा नियमच आहे. त्याला अडवायचे दोन मार्ग आहेत. एक, साध्या 'र'ऐवजी नुक्ता, म्हणजे खाली टिंब, असलेला 'ऱ', मग पायमोड, मग य. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून जे, मग डी, मग य. दुसरा, साधा र, पायमोड आणि त्यापुढे झिरो विड्थ जॉइनर हे न दिसणारं चिन्ह. गंमत म्हणजे युनिकोडच्या, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या सर्वमान्य यादीच्या, तक्त्यात 'ऱ' हे अक्षर द्राविडी भाषांतला र लिहिण्यासाठी म्हणून नोंदलेलं आहे. त्याच्या अर्ध्या रूपाला आपली पापणी जोडून दिलेली आहे.

पहिलाच मार्ग धरावा असं माझं ठाम मत आहे. न दिसणारं चिन्ह मजकूर इकडून तिकडे नेताना सहज गळतं. काही ठिकाणी 'अनावश्यक' म्हणून ते काढूनच टाकतात. मग काल बरोबर दिसणारं 'दुसऱ्या' आज 'दुसर्या' होतं आणि लिहिणाऱ्याला वाटतं, आपलंच चुकलं. शिवाय दोन्ही रूपं डोळ्यांना सारखी दिसली तरी शोध घेताना एक टंकलं तर दुसरं सापडेलच असं नाही. आपल्या मजकुरात कोणतं आहे ते पाहायचं तर शब्दाच्या शेवटी जाऊन मागे पुसत या. बहुतेक ठिकाणी एकेक चिन्ह पुसलं जातं: आधी काना, मग य, मग उरलेलं. शेवटी खाली टिंब असलेला ऱ राहिला तर पहिला मार्ग, साधा र राहिला तर दुसरा.

फोनवर ऱ सापडत नसेल, तर दुसऱ्या, तिसऱ्या, बऱ्याच, खऱ्या, करणाऱ्या, येणाऱ्या हे शब्द एकदा बरोबर टंकलेल्या मजकुरातून उचलून फोनच्या वैयक्तिक शब्दकोशात घालून ठेवा. रोजचं बरंचसं काम एवढ्यावर भागतं.

जुना मजकूर दुरुस्त करताना मात्र सगळे 'र्या' एका फटक्यात 'ऱ्या' करू नका. कार्यालयाचं काऱ्यालय, पर्यायाचं पऱ्याय आणि मर्यादेची मऱ्यादा होते, आणि हे नंतर शोधून काढणं फार जिकिरीचं असतं. तुकडा मोठा घ्यावा: 'णार्या'च्या जागी 'णाऱ्या', 'दुसर्य'च्या जागी 'दुसऱ्य', 'शेतकर्य'च्या जागी 'शेतकऱ्य', 'तर्हे'च्या जागी 'तऱ्हे'. 'आचार्य' मात्र एकेक वाचूनच बदलावा लागतो. तिथे गुरुजी आहेत की स्वयंपाकी, हे यंत्राला कळत नाही.