वॉर्डात मी चांगली, मग परीक्षेत नापास कशी?

"मॅडम, बारा वर्षं आयसीयू केलंय, नवीन आलेले रेसिडेंट डॉक्टर मला विचारून इन्फ्युजन सेट करतात आणि मी नापास. मग इतकी वर्षं मी काय करत होते?"

थोड्याफार फरकाने हाच प्रश्न मी खूप सिस्टर्सकडून ऐकलाय. मी समुपदेशक आहे, परळ-दादर भागात बसते, केईएम, टाटा, वाडिया सगळी हॉस्पिटल्स आसपासच, त्यामुळे ड्युटी सुटली की इकडे येणाऱ्या नर्सेस बऱ्याच असतात आणि त्यातल्या कितीतरी जणी एनक्लेक्सच्या तयारीत असतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, अमेरिकेत रजिस्टर्ड नर्स म्हणून काम करायचं तर लायसन्ससाठी ही परीक्षा पास व्हावी लागते, कॉम्प्युटरवर असते, सेंटर मुंबईतही आहे, आणि रिझल्टमध्ये मार्क नसतात, फक्त पास किंवा नापास. मार्क नसतात हेच खूप जणींना खातं, कारण नापास झालं तर किती कमी पडलं ते कळत नाही आणि मग माणूस मनातल्या मनात शून्यच धरतं.

आज सुप्रियाबद्दल लिहिते. नाव बदललंय, काही तपशीलही बदललेत, आणि लिहायला तिने स्वतः होकार दिलाय. वय चौतिशीचं, राहायला कळव्याला, नवरा कंपनीत, मुलगी दुसरीत, घरात सासूबाई. फी, कागदपत्रं, क्लास सगळं धरून लाखाच्या वर खर्च झालेला आणि त्यासाठी नवऱ्याने पतपेढीतून कर्ज काढलेलं. नापास झाल्यावर तिने वॉर्डात कुणालाच सांगितलं नव्हतं, कुणी विचारलं की "अजून यायचाय रिझल्ट" एवढंच म्हणायची, आणि ते खोटं रोज सांभाळता सांभाळता ती इतकी दमली होती की माझ्यासमोर बसल्यावर पहिली बराच वेळ नुसती रडली.

मग हळूहळू बोलली. झोप येत नव्हती, नाइट करून आली तरी डोळा लागत नव्हता, ड्रग चार्ट दोनदा-तीनदा तपासत बसायची कारण आता स्वतःवर भरवसाच उरला नव्हता. "नको वाटतं सगळं" असं म्हणाली तेव्हा मी तिथेच थांबवून सरळ विचारलं, जगणंच नको असं वाटतं का. ती नाही म्हणाली, आणि मी त्यावर नीट बोलून खात्री करून घेतली. हे वाचणाऱ्यांपैकी कुणाचं उत्तर हो असेल तर परीक्षा बाजूला ठेवा आणि आधी १४४१६ ला फोन करा, टेलि मानस नावाची सरकारी हेल्पलाइन आहे, मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलतात.

परीक्षेच्या दिवशी नक्की काय झालं हे विचारल्यावर तिने जे सांगितलं तेही मी खूप जणींकडून ऐकलंय. ही परीक्षा कमीत कमी ८५ आणि जास्तीत जास्त १५० प्रश्नांची असते, कुणाची कुठे बंद होईल ते आधी माहीत नसतं. तिच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज कुणीतरी टाकायचं, "८५ ला बंद, पास, देवाची कृपा". तर सुप्रियाच्या डोक्यात ८५ म्हणजे पास हे इतकं घट्ट बसलेलं की स्क्रीनवर ८६ वा प्रश्न आला आणि तिचे हात गार पडले. "तिथून पुढे मी वाचतच नव्हते मॅडम, नुसतं क्लिक करत होते, मनात एकच की गेलं, कर्ज कसं फेडायचं आता." म्हणजे परीक्षा अजून चालू होती आणि हिच्यापुरती ती संपलेली होती.

मी तिला आधी ही परीक्षा चालते कशी तेच समजावलं, आणि माझा अनुभव आहे की या एका गोष्टीने निम्मी भीती उतरते, कारण क्लासमध्ये विषय शिकवतात पण हे नीट कुणी बसून सांगत नाही. तुम्ही बरोबर उत्तर दिलं की कॉम्प्युटर पुढचा प्रश्न थोडा अवघड देतो, चुकलं की थोडा सोपा, आणि त्याचा प्रयत्न असा असतो की पुढचा प्रश्न तुमचा बरोबर येण्याची शक्यता साधारण निम्मी असावी. म्हणजे जी पास होते तिचेही ढिगाने प्रश्न चुकतात. आपण सगळे शाळेपासून अशा परीक्षा दिलेल्या की चांगला पेपर गेला म्हणजे सोपा गेला, इथे चांगलं चाललं असेल तर पेपर अवघडच वाटणार. "मला काहीच येत नाहीये" ही भावना तिथे बसलेल्या जवळजवळ सगळ्यांना येते, त्यावरून पास-नापास काहीच कळत नाही. आणि कॉम्प्युटर थांबतो कधी, तर तुम्ही पासच्या रेषेच्या वर आहात किंवा खाली आहात याची त्याला ९५ टक्के खात्री झाली की. ८५ ला बंद पडलेली परीक्षा नापासचीही असू शकते, आणि १५० पर्यंत गेली तर शेवटी तुमची पातळी रेषेच्या वर आहे का एवढंच बघतात, वर असेल तर पास. ८६ वा प्रश्न आला याचा अर्थ इतकाच की त्याचं अजून ठरलेलं नाही, तुम्ही अजून खेळात आहात. वर त्या पहिल्या ८५ मधले १५ प्रश्न तर नुसते चाचपणीचे असतात, त्यांचे गुण धरतच नाहीत, आणि ते कुठले हे तुम्हाला कळत नाही. त्यामुळे एखादा प्रश्न अगदीच भलता वाटला म्हणून त्याच्यावर जीव टाकून बसू नका.

हे ऐकून ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "हे मला आधी माहीत असतं तर मी पुढचे प्रश्न वाचले तरी असते."

पण नुसत्या घाबरण्यानेच ती नापास झाली असं मी म्हणणार नाही, ते खरं नव्हतं. नापास झालेल्यांना एक रिपोर्ट येतो, त्यात प्रत्येक भागात तुम्ही रेषेच्या वर, जवळपास की खाली ते दिलेलं असतं. तिने तो लाजेने उघडलाच नव्हता. आम्ही तो माझ्यासमोर उघडला. औषधांच्या भागात ती जवळपास होती, सगळ्यात खाली होती ती मॅनेजमेंट ऑफ केअर या भागात, म्हणजे कुणाकडे आधी जायचं, कुठलं काम कुणाला द्यायचं, आधी काय करायचं. आयसीयूत चार पेशंट एका वेळी सांभाळणारी बाई नेमकी इथे खाली!

मी नर्स नाही, क्लिनिकल गोष्टी तिच्या क्लासच्या सरांकडून आणि तिच्याकडूनच समजून घेतल्या. मी तिला तिच्या वहीतला चुकलेला एक प्रश्न वाचायला सांगितला. रक्त चढवणं चालू आहे, पेशंटला थंडी वाजायला लागलीय, कंबर दुखते म्हणतोय, नर्स आधी काय करेल? तिने उत्तर दिलेलं, डॉक्टरांना कळवेल. मी म्हटलं वही बंद करा, तुम्ही वॉर्डात आहात, चार नंबर बेडला हेच झालं, उठा आणि काय करता ते दाखवा. ती म्हणाली, "जाते, पेशंटकडे बघते, आणि..." तेवढ्यात तिचा उजवा अंगठा आपोआप खाली सरकला, ट्यूबवरचा रोलर क्लॅम्प बंद करताना सरकतो तसा. मी विचारलं, अंगठ्याने आत्ता काय केलं? तिने हाताकडे बघितलं. "ब्लड बंद केलं." मग म्हणाली, "पण ते तर करतोच ना मॅडम, ते काय सांगायचं!"

तेच तर सांगायचं होतं. परीक्षा नेमकं तेच विचारत होती, जे ती इतक्या वर्षांत इतक्या वेळा करून बसलीय की तिला ते काम वाटतच नाही. आधी रक्त बंद, नवी ट्यूब लावून सलाईनने शीर चालू ठेवायची, पेशंटला बघायचं आणि डॉक्टरांना कळवायचं, हे सगळं तिच्या हाताला पाठ होतं, पण कागदावर आलं की तिच्या मनात "काम" म्हणून पहिलं काय यायचं तर डॉक्टरांना कळवणं. आणि त्यालाही कारण आहे, आपल्याकडे कितीतरी ठिकाणी सिस्टरने स्वतःच्या निर्णयाने काही केलं तर बोलणी बसतात, आणि केलेल्याचं श्रेय तर कुणी देतच नाही. वर्षानुवर्षं असं चाललं की बाई निर्णय घेत राहते आणि स्वतःशीसुद्धा कबूल करत नाही की तो आपण घेतला. याचं मला मनापासून वाईट वाटतं, आमच्या डोळ्यांसमोर इतकी हुशार माणसं स्वतःला नुसती हुकूम पाळणारी समजून जगतायत.

(डॉक्टरांना कळवणं हे उत्तर नेहमी चूक असतं असा नियम मात्र करू नका. नर्सच्या हातात होतं ते करून झालंय किंवा परिस्थिती तिच्या हाताबाहेरची आहे, तर तेच बरोबर असतं.)

काम कुणाला द्यायचं हे प्रश्न वेगळ्या कारणाने चुकत होते. आपल्या वॉर्डात मावशी असतात, मामा असतात, आणि भरवणं, कूस बदलणं, बेडपॅन यातलं बरंचसं नातेवाईक करतात. अमेरिकेत ती माणसंच वेगळी, प्रॅक्टिकल नर्स (रजिस्टर्ड नर्सपेक्षा कमी शिक्षणाची) वेगळी, असिस्टंट वेगळी, आणि पेशंटची पहिली तपासणी, त्याला शिकवणं, केलेल्याचा उपयोग झाला का ते ठरवणं, हे रजिस्टर्ड नर्सने दुसऱ्याला द्यायचं नसतं. यात हुशारीचा काही संबंध नाही, दुसऱ्या देशाची कामाची पद्धत आहे, ती शिकावी लागते. अमेरिकेबाहेर शिकलेल्या नर्सेसचं पास व्हायचं प्रमाण तिथे शिकलेल्यांपेक्षा कायम कमीच राहिलंय, हेही मी तिला सांगितलं, कारण तिला वाटत होतं की ती एकटीच.

पुन्हा परीक्षा द्यायला मध्ये निदान ४५ दिवस जाऊ द्यावे लागतात. तिला लगेच ४६ व्या दिवशी बसायचं होतं, डाग पुसल्यासारखं. मी म्हटलं आधी झोप परत येऊ दे. नाइटहून आल्यावर अभ्यास बंद, तेव्हा फक्त झोप. घरी एका खोलीत टीव्ही आणि मुलीचा गृहपाठ, त्यामुळे स्टेशनजवळच्या अभ्यासिकेत नाव घातलं, तिथे सगळी एमपीएससीची पोरं, सुरुवातीला लाजायची, नंतर तीच म्हणाली बरं वाटतं, सगळेच कशाला ना कशाला बसलेत. आधी रोज ढीगभर प्रश्न सोडवून फक्त टक्के बघायची, आता कमी प्रश्न पण चुकलेल्या प्रत्येकापुढे कारण लिहायचं: माहीत नव्हतं, नीट वाचलं नाही, घाई केली, तिथली पद्धत माहीत नाही. पाचवं कारण तिने स्वतःच घातलं, "डॉक्टरची भीती". पहिल्या काही आठवड्यांत सगळ्यात जास्त खुणा त्याच्याचपुढे होत्या.

८५ च्या भीतीवर आम्ही केलं ते असं की सुट्टीच्या दिवशी सराव पूर्ण १५० चा, मध्ये बंद करायचाच नाही. पाच तासांत १५० म्हणजे एका प्रश्नाला दोन मिनिटं. ८६ आला की हात की-बोर्डवरून काढायचे, दोन-तीन श्वास, आत कमी आणि बाहेर जास्त वेळ, आणि मग प्रश्न पहिल्या शब्दापासून वाचायचा. हे घरी इतक्या वेळा केलं की ८६ हा आकडा तिच्यासाठी श्वास घ्यायची खूण झाला. दोन तासांनी ब्रेक मिळतो तो घ्यायचाच, घड्याळ चालू राहतं तरी घ्यायचा. मागच्या प्रश्नावर परत जाता येत नाही, म्हणून उत्तर दिलं की तो विषय मनातूनही संपवायचा, हे तिला सगळ्यात जड गेलं. आणि ग्रुप म्यूट.

घरात सांगणं राहिलं होतं. नवऱ्याला नापास माहीत होतं, सासूबाईंना नाही, त्यांना ती घाबरून होती. एकदा जेवताना सांगून टाकलं. सासूबाई म्हणाल्या, "अगं मग परत दे की, आमच्या वेळी दहावीला तीनदा बसायचे." बस, एवढंच! ज्या एका वाक्याला ती दोन महिने घाबरत होती ते असं निघालं. सगळ्यांच्या घरी असंच होईल असं नाही, काही घरांत टोमणे मिळतात, ते मी बघितलंय, तिथे आधी एकाच माणसाला सांगा, जो ऐकून घेईल त्याला. पण कुणालाच न सांगता अभ्यास करू नका, लपवण्यात जी ताकद जाते ती अभ्यासाची असते.

दुसऱ्या वेळी तिची परीक्षा शंभराच्या बरीच पुढे गेली. बाहेर आल्यावर मेसेज केला, "काही कळत नाही, पण सगळे वाचले." रिझल्ट पासचा आला. वॉर्डात तिने तेव्हाच दोन्ही गोष्टी एकदम सांगितल्या, आधीची नापासची आणि आत्ताची, आणि त्यानंतर तिच्याच वॉर्डातल्या दोघी जणी माझ्याकडे आल्या, त्याही नापास होऊन गप्प बसलेल्या.

आता पुढे व्हिसा आहे, त्याला किती वर्षं लागतील ते आपल्या हातात नाही, आणि मुलीला बरोबर न्यायचं की आधी एकटीने जायचं यावर नवरा-बायकोचं एकमत नाही. पुढच्या महिन्यात दोघं मिळून येणारेत, त्यावर बोलायला.