सावकार: साधू की चोर?

बेळगावकडच्या खानापूरहून एकानं विचारलंय: "आमच्याकडं वखारवाल्याला, मोठ्या बागायतदाराला सगळे 'सावकार' म्हणतात. पुण्याचे मेहुणे हसले, म्हणाले, ही तर शिवी. बरोबर कोण?"

दोघंही. व्याजानं पैसे देणारा हा अर्थ शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, तो सोडून देऊ. 1875 साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांकडचे कर्जरोखे जाळले. त्या मुलखात हा शब्द गोड कसा लागेल?

मला चीड येते ती 'सावकार कानडीतून आला' या ठेक्याची. बेळगावात एखादा शब्द खटकला की ढकला कानडीवर! अहो, हिंदीत साहूकार, तेलुगूत शावुकारु. ते काय सगळे धारवाडला जाऊन शिकले? दुसरे एक विद्वान त्यात फारसी 'शाह' बघतात. बघोत बापडे. 'दधि'चं दही झालं, 'बधिर'चा बहिरा झाला, तसा 'साधु'चा साहु आणि साहुचा साव. संस्कृतात साधु म्हणजे व्यापारीसुद्धा. पटत नसेल तर सत्यनारायणाची पोथी काढा. त्यातला साधुवाणी गोसावी नाही, नावा भरून माल नेणारा व्यापारी आहे. दंडी संन्यासी विचारतो, नावेत काय? हा साधू खुशाल हसून सांगतो, वेली आणि पानं! धन लपवायची ही विद्या किती जुनी, बघा. आणि प्रसाद खाताना आपण सगळे त्याच्याच बाजूनं.

आता माझा लाडका तर्क, कोशात शोधू नका. मराठीत 'साव' हा 'चोरा'च्या विरुद्ध शब्द: तो चोर, मी साव. म्हणजे पैसेवाल्याचं नावच प्रामाणिकपणाचा दाखला होऊन बसलं. मग ज्याच्याकडं पैसा नाही तो कोण, हे कुणी बोलायची गरजच उरली नाही.

निपाणीच्या एका वखारीत पाहिलेलं सांगतो. तंबाखू निवडणाऱ्या बाया नाकाला पदर बांधून बसलेल्या. मालकाचा चारेक वर्षांचा नातू आत आला, तशी आजीच्या वयाची एक बाई सरकून म्हणाली, "धाकलं सावकार आल्यात, वाट द्या गं." पोरगं बिस्किट खात होतं. त्यानं आयुष्यात कुणाला चार आणे व्याजानं दिले नव्हते.

मेहुण्यांना हे सांगा. कानडीचा विषय काढलाच त्यांनी, तर दही वाढा.