गोव्यात घरबसल्या जुन्या वस्तू ऑनलाइन विकण्याचा धंदा चालेल का? सुरुवात कशी करावी?

तुम्ही विचारलंय की म्हापशात राहून, नोकरी सांभाळून, जुन्या वापरलेल्या वस्तू घेऊन त्या ऑनलाइन विकायचा विचार आहे. माल कुठून मिळेल, भांडवल किती लागेल, कायद्याची काही भानगड आहे का. मी फोंड्याला हाच धंदा करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

चालेल. गोव्यात तर जास्तच चालेल, कारण माल इथे आहे. विकण्याची बाजू त्यामानाने सोपी. फोन हातात असला की गिऱ्हाईक पुण्याचं असो की बंगळुरूचं, सापडतंच. खरी मेहनत खरेदीत आहे. काय घ्यायचं, कितीला घ्यायचं आणि कुणाकडून घ्यायचं नाही, एवढं जमलं की बाकीचं हळूहळू बसतं.

इथल्या घरांत इतक्या वस्तू का, ते आधी सांगते, कारण तेच तुमचं दुकान आहे. १९५० च्या दशकात भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली, तेव्हा पोर्तुगीज सरकारने परदेशी मालाची आयात सैल सोडली होती. त्यामुळे सीमेपलीकडे जे मिळत नव्हतं ते इथे मिळत होतं: घड्याळं, रेडिओ, क्रोकरी, काचसामान. पुढे बोटीवरचे तारवटी आणि आखातात गेलेली मंडळी सुट्टीवर येताना टी-सेट, कॅमेरे, टेपरेकॉर्डर आणत राहिली. ते सगळं काचेच्या कपाटात जपून ठेवलं गेलं. आता मुलं बाहेरगावी, घरात म्हातारी माणसं, आणि कपाट तसंच भरलेलं. हिंदू घरांत याच्या जोडीला पितळ-तांब्याचा संसार: घंगाळं, हंडे, समया, पराती. शिवाय भजनाच्या पेट्या, तबले. जुन्या पेटीत पॅरिस किंवा जर्मन रीड (सूर देणाऱ्या धातूच्या पट्ट्या) निघाले तर ती पेटी वेगळ्याच भावाची असते, पण ती वाजवणाऱ्या जाणकाराला दाखवल्याशिवाय घेऊ नका.

हा झाला जपलेला माल. दुसरा असतो रोजच्या वापराचा, आणि सुरुवात त्यानेच करा. पावसाच्या आधी, एप्रिल-मे महिन्यांत, आसगाव-शिवोली भागात भाड्याने राहिलेले बरेच लोक गोवा सोडतात. झुआरीनगरच्या बिट्स या अभियांत्रिकी कॉलेजमधली मुलं शिक्षण संपवून बाहेर पडतात. वास्कोला नौदलातल्या, बंदरातल्या कुटुंबांच्या बदल्या होत असतात. या सगळ्यांना चार दिवसांत घर रिकामं करायचं असतं. टेबल, मिक्सर, सायकल, बाळाचा पाळणा, पुस्तकं मिळेल त्या भावाने जातात. फेसबुक मार्केटप्लेस नि ओएलएक्सवर रोज सकाळी नजर ठेवा, आणि आवडलं तर त्याच दिवशी जाऊन उचला. हा माल गोव्यातल्या गोव्यात विकला जातो, कुरिअर लागत नाही. नफा थोडा, पण पैसा लवकर फिरतो. दहा-पंधरा हजार रुपये हाताशी असले तरी पुरतं. त्यातून जे सुटेल ते जपलेल्या मालात घाला.

शुक्रवारचा बाजार तर तुमच्या दारातच आहे. तिथे भाव शिकायला फिरा. हणजूणचा बुधवारचा बाजार पर्यटकांसाठी, तिथे खरेदी परवडणार नाही, पण लोक कशापाशी थांबतात ते बघायला जरूर जा. आणि एखाद्या भंगारवाल्याशी ओळख ठेवा. त्याच्याकडे पितळ किलोने येतं. आजचा किलोचा भाव माहीत असला की कुठल्याही पितळी वस्तूची तळाची किंमत तुमच्या डोक्यात पक्की असते, मग घरी जाऊन बोलताना अडखळायला होत नाही.

घरातून खरेदी करताना मात्र घाई करू नका. कुणी आजी कपाट उघडून दाखवते तेव्हा तिला सगळ्याच वस्तूंबद्दल काही ना काही सांगायचं असतं. ऐका. कुठून आलं, कुणी आणलं, हे वहीत लिहून घ्या, वस्तूचा तोच दाखला असतो. आणि भाव पाडून मागू नका. गावांत बातमी पसरायला वेळ लागत नाही. एका घरात फसवल्याची भावना राहिली तर त्या वाड्यावर पुन्हा कुणी दार उघडणार नाही. मी विकून अंदाजे किती येतील ते सरळ सांगते आणि त्याच्या निम्म्याच्या आसपास देते. उरलेल्या निम्म्यात साफसफाई, पॅकिंग, फुटतूट, न खपलेला माल आणि माझी मजुरी बसते.

गोव्यातली एक गोष्ट बाहेरच्यांना लवकर लक्षात येत नाही. आपल्याकडे वारसाहक्काची पद्धत पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेली आहे. नवरा-बायकोची मालमत्ता बहुधा सामायिक असते आणि मुलांचा हक्क सहज डावलता येत नाही. कितीतरी घरांची वाटणी अजून व्हायची असते, कोर्टात इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमधल्या वाटणीचं प्रकरण, चालू असते. अशा घरातली शिसवी खुर्ची एका भावाने विकली आणि दुसरा मुंबईहून आला की तो तुमच्या दारात उभा राहतो. म्हणून मोठी वस्तू घेताना आधी विचारा की घर वाटलं गेलंय का, बाकीच्यांना माहीत आहे का. कागदावर तारीख, वस्तूचं वर्णन, रक्कम आणि सही घ्या, पैसे शक्यतो बँकेतून किंवा यूपीआयने द्या.

आता कायदा. १९७२ चा पुरावशेष आणि कलानिधी कायदा सांगतो की शंभर वर्षांपेक्षा जुनी नाणी, शिल्पं, चित्रं, कारागिरीच्या वस्तू या पुरावशेष ठरतात. महत्त्वाच्या हस्तलिखितांसाठी ही मुदत ७५ वर्षांची आहे. त्यांचा व्यापार करायला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाचा परवाना लागतो आणि खासगी माणसाला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. म्हणजे १९५८-५९ ची एस्कुदोची (पोर्तुगीज चलनातली) नाणी विकायला हरकत नाही, पण १८ व्या शतकातलं नाणं विनापरवाना विकायला ठेवू नका. देवळातली किंवा चर्चमधली वस्तू, मग ती समई असो की लाकडी संताची मूर्ती, कितीही स्वस्त मिळाली तरी घ्यायची नाही. हस्तिदंत, सांबरशिंगं, वाघनखं यांना तर हातच लावू नका. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्यांचा व्यापार गुन्हा आहे, आजोबांच्या काळातल्या असल्या तरी.

चोरीच्या मालाचंही तसंच. माल चोरीचा आहे असं वाटायला कारण असून घेतला, तर भारतीय न्याय संहितेच्या ३१७ व्या कलमाखाली घेणाराही अडकतो. जुना मोबाइल घ्यायचा असेल तर केवायएम (KYM) लिहून पुढे त्या फोनचा आयएमईआय, म्हणजे ओळख क्रमांक, टाकून १४४२२ ला एसएमएस करा. फोन काळ्या यादीत असेल तर तिथेच कळतं.

जीएसटीबद्दल थोडक्यात. मालाची उलाढाल वर्षाला ४० लाखांच्या आत असेल आणि विक्री गोव्यातच असेल तर नोंदणीची सक्ती नाही. राज्याबाहेर करपात्र माल विकायचा म्हटलं की उलाढाल कितीही लहान असो, नोंदणी लागते. ती घेतल्यावर मात्र जुन्या मालासाठी एक सोय आहे: नियम ३२(५) प्रमाणे, खरेदीवर इनपुट क्रेडिट (खरेदीत भरलेल्या कराची वजावट) घेतलं नसेल तर कर पूर्ण किमतीवर न लागता खरेदी-विक्रीतल्या फरकावर लागतो. म्हणून ती खरेदीची वही आणि सह्यांचे कागद जपायचे. एकदा सीएकडे जाऊन हे नीट बसवून घ्या.

वस्तू पारखायची कशी, हे लिहून पूर्ण सांगता येणार नाही, हाताला सवय व्हावी लागते. तरी चिनी मातीच्या कपाचं उदाहरण घ्या. कप पालथा करा, तळाचा शिक्का वाचा. 'मेड इन ऑक्युपाइड जपान' असेल तर तो दुसऱ्या महायुद्धानंतरचा, १९५२ पर्यंतच्या काळातला. 'वेस्ट जर्मनी' असेल तर १९४९ ते १९९० मधला. मग कप तळहातावर मोकळा ठेवा आणि नखाने काठावर हलकी टिचकी मारा. स्वच्छ, लांबणारा आवाज आला तर कप धड आहे. बद्द आवाज आला तर कुठेतरी केसासारखी चीर आहे. अंधाऱ्या खोलीत आतून टॉर्च लावा, ती रेष दिसते. काठावरून बोट फिरवा, कानापाशी जोडल्याचा खडबडीतपणा लागतो का बघा. सोनेरी रेघ कुठे उडालीय ते पाहा. सहा कपांतला एक असा निघाला तर तो सेट सहाचा म्हणून विकू नका, 'पाच धड, एक चिरलेला' असं लिहा.

हेच मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय. वर्णनात दोष आधी लिहा आणि दोषाचा फोटो सगळ्यात जवळून काढा. शेकडो मैलांवरच्या माणसाला वस्तू हातात घेता येत नाही, तुमचे शब्दच त्याचे डोळे असतात. पोचा, डाग, झाळलेला जोड, उडालेली कल्हई, सगळं लिहिलं की तीन गोष्टी होतात: उगाच घासाघीस करणारे गळतात, माल परत येत नाही, आणि घेणारा दुसऱ्यांदा येतो. माझं बरंचसं गिऱ्हाईक परत आलेलंच आहे. फोटो सकाळच्या उजेडात, खिडकीपाशी, साध्या पांढऱ्या चादरीवर काढा. शेजारी पट्टी ठेवा. फिल्टर नको. पितळ विकण्याआधी पितांबरीने झळझळीत घासू नका; रिठ्याच्या पाण्याने धुऊन पुसा आणि घेणाऱ्याला विचारा. काहींना जुना काळसर रंगच हवा असतो, आणि एकदा घासला की तो परत आणता येत नाही.

पैसे घेताना सावध राहा. वस्तू न बघता, भाव न करता लगेच 'घेतो' म्हणणारा, स्वतःला सैन्यातला सांगणारा आणि 'हा क्यूआर स्कॅन करा, तुम्हाला पैसे येतील' म्हणणारा हमखास भेटेल. पैसे घ्यायला कधीही पिन टाकावा लागत नाही. पिन फक्त द्यायलाच लागतो. कुणी फसलंच तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करायचा.

कुरिअरचा हिशेब भाव सांगायच्या आधी करा. मोठ्या खोक्याला वजनावर पैसे लागत नाहीत, आकारावर लागतात: लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, सेंटिमीटरमध्ये, भागिले ५०००. एक घंगाळ धरा. खोकं ४० बाय ४० बाय ३० झालं तर ४८,००० भागिले ५०००, म्हणजे ९.६ किलो. घंगाळ खरं तीन किलोचंच असतं, पण बिल जवळजवळ दहा किलोचं येतं. हे आधी सांगितलं नाही तर सगळा नफा त्यातच जातो. क्रोकरीला मी दोन खोकी वापरते, एकात एक, मध्ये चारी बाजूंनी चार बोटं जागा आणि त्यात चुरगळलेले कागद. खोकं हलवून बघायचं. आतून आवाज आला तर पुन्हा उघडायचं. बांधतानाचा व्हिडिओ काढून ठेवा. एका कुरिअरवाल्याने माझा फुटलेला टी-सेट 'पॅकिंगच कच्चं' म्हणून नाकारला होता, तो व्हिडिओ दाखवल्यावर भरपाई मिळाली.

आणि पाऊस. जून ते सप्टेंबर आपल्या हवेत पुस्तकांना वास धरतो, कॅमेऱ्याच्या लेन्समध्ये बुरशी चढते, लाकूड फुगतं. हा माल मेपर्यंत विकून टाका किंवा बंद डब्यात सिलिका जेल टाकून ठेवा. पावसात पितळ नि क्रोकरीवर भर द्या. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधीच्या महिन्यात समया, ताम्हणं, पाट यांना इथेही मागणी येते आणि मुंबई-पुण्याहूनही, त्यामुळे ती खरेदी जूनमध्येच करून ठेवलेली बरी.

नोकरी सोडू का, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. इतक्यात नको. एक पूर्ण पावसाळा आणि त्यामागची चवथ-दिवाळी जाऊ द्या, वहीत दर महिन्याला स्वतःची मजुरी धरून किती उरलं ते लिहा, मग ठरवा. तोवर शनिवार-रविवार पुरतात. चिनी मातीचं किंवा पितळेचं काही हाताला लागलं आणि अडलं, तर तळाचा आणि काठाचा फोटो खाली टाका, मी बघून सांगेन.