नागोयातल्या त्या दोन पांढऱ्या शर्टांचा आठवडा

जपानमधल्या नागोयात राहणाऱ्या, आपल्या गटातल्या एका सदस्याचा प्रश्न थोडक्यात असा: इमारतीत अधूनमधून दोन अमेरिकन पोरं येतात. पांढरा शर्ट, टाय, काळी नावपट्टी, सायकल, आणि जपानी बऱ्यापैकी. दर खेपेला जोडीतला एक बदललेला असतो. यांना पगार असतो का, आणि आठवडाभर करतात काय?

पगार शून्य. हे मॉर्मन मिशनरी, म्हणजे अमेरिकेतल्या एका ख्रिस्ती पंथाचे धर्मप्रचारक. २०१८ पासून त्यांचं चर्च 'मॉर्मन' ऐवजी पूर्ण नाव वापरा म्हणतं, पण नाव इतकं लांब आहे की लोक जुनंच वापरतात. मुलांची सेवा २४ महिन्यांची, मुलींची १८. देश निवडायची सोय नाही, तो मुख्यालय ठरवतं. अमेरिकेतल्या कुटुंबाला महिन्याला ५०० डॉलर भरावे लागतात (जुलै २०२० पूर्वी ४०० होते). स्वस्त देश मिळो की महाग, आकडा तोच. तिकडे घरभाडं मिशन (त्या भागातलं चर्चचं प्रचारकार्यालय) भागवतं आणि किराणा-प्रवासासाठी ठरावीक रक्कम कार्डावर येते. मुलांना 'एल्डर' म्हणतात, जपानीत 'चोरो', म्हणजे वडीलधारे. एकोणीस वर्षांच्या पोराला वडीलधारे म्हणायचं, तेही मराठी कानाला भलतंच ऐकू येणाऱ्या शब्दात!

आठवडा सोमवारपासून धरा, कारण बहुतेक ठिकाणी तोच तयारीचा दिवस. त्याला सुट्टी समजू नका. संध्याकाळी सहाच्या आत कपडे, किराणा, खोलीची सफाई, केस कापणं, सायकलचं पंक्चर, सगळं उरकायचं असतं. घरी फोनही याच दिवशी. फेब्रुवारी २०१९ पूर्वी तो फक्त नाताळ आणि मातृदिनाला करता यायचा, आता दर आठवड्याला व्हिडिओ कॉल चालतो. जपानात सकाळी नऊ वाजता यूटामध्ये (चर्चचं मुख्यालय असलेलं अमेरिकी राज्य) उन्हाळ्यात रविवारचे संध्याकाळचे सहा आणि हिवाळ्यात पाच वाजलेले असतात, त्यामुळे घरचे सगळे भेटतात.

चेहरे बदलतात ते बदल्यांमुळे. दर सहा आठवड्यांनी बदल्यांची यादी निघते. त्यात प्रत्येकाचं नाव असतंच असं नाही, पण जोडीतल्या एकाचं बरेचदा असतं. गाव बदललं की निवासी कार्डावरचा (जपानातल्या परदेशी रहिवाशांचं ओळखपत्र) पत्ताही बदलावा लागतो: जुन्या नगरपालिकेत गाव सोडल्याची नोंद, मग नव्या ठिकाणी राहायला आल्यापासून १४ दिवसांत दुसरी. ही कचेरी शनिवार-रविवारी सहसा बंद, म्हणून सोमवारचा अर्धा दिवस तिथेच जातो.

इतर दिवशी साधारण साडेसहाला उठणं, अर्धा तास व्यायाम, मग धर्मग्रंथाचा आणि भाषेचा अभ्यास. जपानीसाठी निघण्यापूर्वीचं प्रशिक्षण सुमारे नऊ आठवड्यांचं. तेवढ्यात प्रार्थना आणि ओळख करून देणं जमतं, समोरचा काय म्हणाला ते कळत नाही. सगळा घोळ तिथेच होतो. इंटरकॉमवरून 'केक्को देसु' ऐकू येतं. शब्दशः 'छान आहे', अर्थ 'नको'. नवखा खूश होऊन दाराशी थांबतो. 'कांगाएते ओकिमासु' म्हणजे 'विचार करून ठेवतो', हाही नकारच. पण नवखा तो वहीत भेट म्हणून लिहितो आणि गुरुवारी बंद दारासमोर उभा राहतो. म्हणून आठवड्याच्या नियोजनात जुने जोडीदार प्रत्येक भेटीमागे पर्यायी काम लिहून ठेवतात: ती हुकली तर त्याच गल्लीत आणखी कोणाला भेटायचं. ज्यांचं हे लिहिलेलं नसतं, त्यांची दुपार स्टेशनसमोर पत्रकं वाटण्यात जाते.

नियोजनाच्या शेवटी जोडीदार एकमेकांना काय खटकलं ते सांगतात. माझ्या मते आठवड्यातलं सर्वांत अवघड काम हेच. दारावरचा नकार दोन मिनिटांत संपतो, पण जोडीदार चोवीस तास बरोबर. एकट्याने बाहेर पडायची परवानगी नाही, आणि त्याला निवडलेलंही तुम्ही नाही.

आठवड्यातून एकदा चर्चमध्ये इंग्रजी संभाषणाचा फुकट वर्ग असतो, त्याला 'एईकाईवा' म्हणतात. येणाऱ्या बऱ्याच जणांना फक्त इंग्रजीच हवं असतं. दारोदार फिरण्यापेक्षा ओळखी इथे जास्त होतात. रविवारी दोन तासांची सभा (२०१९ पूर्वी तीन तासांची) आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी उपवास: दोन जेवणं सोडायची, पाणीसुद्धा नाही. ऑगस्टच्या दमट उन्हात त्या दिवशी सायकल मारणं मूर्खपणा, शहाणी जोडी जवळच्याच भेटी ठेवते.

सायकलवर हेल्मेट मिशनच्या नियमाने सक्तीचं. चालवताना हातात फोन धरला तर नोव्हेंबर २०२४ पासून जपानात एक लाख येनपर्यंत दंड किंवा तुरुंगवास होऊ शकतो, म्हणून नकाशा थांबूनच बघतात. तुम्हाला चौकाचौकात उभे दिसतात ते बहुधा त्यामुळेच.

चहा, कॉफी, दारू, तंबाखू वर्ज्य. हिरवा चहाही नाही. सातूचा 'मुगिचा' चालतो, कारण त्यात चहाची पानं नसतात. पण भाजलेल्या हिरव्या चहाचा 'होजिचा' रंगाने तसाच तपकिरी, नवखे तिथे फसतात. बाटलीवरची अक्षरं वाचता येईपर्यंत साधं पाणी बरं.

त्यांना जेवायला बोलवायचं असेल तर दोन दिवस आधी सांगा, वेळ लवकरची ठेवा. रात्री साधारण नऊ-साडेनऊला त्यांना खोलीवर परतावं लागतं. घरात एकटी बाई असेल तर ही मुलं आत येणार नाहीत, नियमच आहे, रागावू नका. वरण-भात, पोळी-भाजी पोटभर खातील. निघताना सवयीने चहाचं आधण मात्र ठेवू नका, कोकम सरबत द्या.