पाळीच्या मधल्या दिवसांतली कणकण: हा ताप आहे का?

"महिन्याच्या मध्यावर मला ताप येतो. आत काही बिघडलं असेल का?" ही धास्ती इतक्या जणींकडून ऐकली आहे की त्यावर सविस्तर लिहायलाच हवं.

त्यांतल्याच एक तिशीतल्या बाई. अंग गरम लागलं की पॅरासिटामॉल घ्यायच्या. डॉक्टरांनी तपासलं होतं, रिपोर्ट नॉर्मल होते, तरी भीती हटत नव्हती.

"ताप कधी मोजता?"

"गरम वाटलं की लगेच. दिवसातून सात-आठदा."

"किती भरतो?"

"संध्याकाळी ९९, कधी ९९.४."

"आणि बरं वाटत असतं तेव्हा?"

"तेव्हा कशाला मोजू, मॅडम?"

गाठ इथेच होती. शंका आली की मोजायचं, म्हणजे चढलेले आकडेच हाती लागतात. निरोगी माणसाचंही तापमान संध्याकाळी पहाटेपेक्षा जवळपास एक अंश फॅरेनहाइटने जास्त असतं. ताप म्हणायचं ते १००.४ (३८ सेल्सिअस) किंवा त्याहून वर गेलं तर.

"काळजी करू नका" या वाक्याने काळजी जात नाही, हे माझं ठाम मत. समजूत घालण्यापेक्षा मी नोंद ठेवायला सांगते. रोज एकदाच मोजायचं: किमान तीन तास सलग झोप झाल्यावर, ठरलेल्या वेळी, अंथरुणातून उठण्याआधी, पाण्याचा घोटही न घेता. थर्मामीटर जिभेखाली, बीप वाजेपर्यंत तोंड बंद. दशांशानंतर दोन आकडे दाखवणारा घ्या. फरक इतका बारीक असतो की साध्यावर तो निसटतो. जागरण, सर्दी, मद्यपान किंवा उशिरा उठणं झालं असेल तर त्या आकड्यापुढे खूण करा, कारण तो फसवा असतो.

दोन पाळ्यांनंतर त्या वही घेऊन आल्या आणि मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "आधी ९७.३च्या आसपास, मग ९८च्या आसपास, आणि पाळी आली तसा आपोआप खाली. गोळी एकदाही घेतली नव्हती."

हा शोध त्यांचा त्यांना लागला, म्हणूनच तो टिकला. त्यामागचं कारण मी नंतर सांगितलं. अंडोत्सर्ग झाल्यावर, म्हणजे अंडाशयातून अंडं बाहेर पडल्यावर, प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक (हार्मोन) वाढतं आणि मेंदूतलं तापमान-नियंत्रण किंचित वर सरकतं, साधारण ०.४ ते १ अंश फॅरेनहाइटने. ही वाढ अंडोत्सर्गानंतर दिसते आणि पाळी येईपर्यंत टिकते. गर्भ राहिला तर पुढेही राहते. तिला औषध लागत नाही. सैल सुती कपडे, हवेशीर खोली, पुरेसं पाणी आणि झोपण्याआधी कोमट पाण्याने अंघोळ एवढ्याने रात्र सुसह्य होते. गर्भधारणेचा प्रयत्न चालू असेल तर मात्र आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या मनाने घेऊ नका, त्यांनी अंडोत्सर्ग लांबू शकतो.

अंडोत्सर्गाने खरा ताप येत नाही. म्हणून १००.४ किंवा जास्त भरला तर "माझे ते दिवस आहेत" म्हणून थांबू नका; दुसरं कारण शोधायला हवं. सोबत ओटीपोटात दुखणं, दुर्गंधी स्राव किंवा लघवीला जळजळ असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा: गर्भाशयाच्या किंवा मूत्रमार्गाच्या संसर्गात अशी लक्षणं दिसतात. अंडोत्सर्गाची कळ बहुधा एकाच बाजूला येते आणि काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत थांबते. वाढत जाणारं दुखणं वेगळं, ते तपासूनच घ्यावं.