वाचकांचे प्रश्न : परक्या देशाची बाजू मांडताना

प्रश्न : मी एका मराठी शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवते. यंदा नववीच्या चाळीस मुलांसाठी हवामान बदलावरील अभिरूप आंतरराष्ट्रीय परिषद घ्यायचे ठरवले आहे. चिठ्ठ्या टाकून देश वाटले, तेव्हा सौदी अरेबिया वाट्याला आलेली एक विद्यार्थिनी म्हणाली, ‘‘बाई, तेल जाळू द्या असं मी कसं म्हणू? ते खोटं होईल.’’ तिला देश बदलून द्यावा का? शिवाय, असा कार्यक्रम इंग्रजीतूनच व्हावा, असा काही पालकांचा आग्रह आहे.
– एक शिक्षिका, मुलुंड

उत्तर : देश बदलून देऊ नये; मात्र तिची अडचण खरी आहे, ती समजून घ्यावी. तेलाची तरफदारी करायची आहे, असा तिचा समज झालेला दिसतो. तिला मांडायचे आहे ते एका देशाचे हित. ज्या देशाच्या सरकारी तिजोरीत मुख्यतः तेलाचा पैसा येतो, त्याच्या अर्थमंत्र्याला तेलाची मागणी घटल्यावर पगार, शाळा आणि दवाखाने कशावर चालवायचे हा प्रश्न पडतोच, आणि तो मांडताना तिला एकही खोटे वाक्य बोलावे लागणार नाही.

तिला भारताचेच उदाहरण द्यावे. २०२१ मध्ये ग्लासगोच्या परिषदेत, अगदी अखेरच्या तासांत, कोळशावरील विजेबाबतच्या मसुद्यातील ‘टप्प्याटप्प्याने बंद करणे’ या शब्दांच्या जागी ‘टप्प्याटप्प्याने कमी करणे’ असे शब्द भारताने सुचवले आणि ते स्वीकारले गेले. छोट्या बेटांच्या देशांनी उघड नाराजी व्यक्त केली. त्या नाराजीमागे बुडणाऱ्या जमिनीची भीती होती, तर भारताच्या आग्रहामागे कोट्यवधी घरांना परवडणारी वीज पुरवण्याची गरज होती. हा एका शब्दाचा वाद वर्गात तासभर चालवून पाहावा. सौदी अरेबिया नाकारणारी आपली विद्यार्थिनी भारताच्या खुर्चीत बसली असती तर काय म्हणाली असती, हे तिलाच विचारावे.

परिषदेची रचना करताना एक गोष्ट कटाक्षाने सांभाळावी. आपल्या शाळांत वक्तृत्व स्पर्धांची परंपरा मोठी आहे आणि मला तिच्याविषयी आदरच आहे. पण मुले पाठ केलेले भाषण म्हणून खाली बसली, तर ही परिषद होणार नाही. हवामानाच्या खऱ्या परिषदांत मतदानाचा नियम आजवर मंजूरच झालेला नाही, तिथे निर्णय सहमतीने होतात. म्हणून एखादा लहान देशही मसुदा अडवून धरू शकतो. आपणही मतदान ठेवू नये. दहा देश पुरेत, प्रत्येकी चार मुले. प्रत्येक गटाला एक चिठ्ठी द्यावी : देशाला काय हवे आहे, तो काय देऊ शकतो आणि कोणत्या गोष्टीवर मुळीच मागे हटू शकत नाही. ही चिठ्ठी इतरांना दाखवायची नाही. भाषणांना पाऊण तास आणि मधल्या मोकळ्या वाटाघाटींना त्याच्या दुप्पट वेळ द्यावा, कारण मुले खरोखर शिकतात ती बाकांच्या मधल्या जागेत उभी राहून घासाघीस करताना.

इंग्रजीच्या आग्रहाला उत्तर सोपे आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अधिकृत भाषा सहा आहेत आणि तिथे अनेक प्रतिनिधी दुभाष्याच्या मदतीने बोलतात. १९७७ मध्ये अटलबिहारी वाजपेयी परराष्ट्रमंत्री या नात्याने आमसभेत हिंदीतून बोलले होते. मुलांना समोरच्याचे म्हणणे खोडायचे आहे, सवलत मागायची आहे, शब्दाला शब्द सुचवायचा आहे. हे सारे ज्या भाषेत ती घरी भांडतात, त्याच भाषेत नीट जमेल.

शेवटचा अर्धा तास मात्र कोणत्याही कारणाने कापू नये. त्या वेळी देशांच्या पाट्या उतरवून मुलांनी स्वतःच्या नावाने बोलावे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या दिवसाच्या आठवणी आपल्या मुलांच्या घरोघरी आहेत. त्या आदल्या दिवशी विचारून आणायला सांगाव्यात आणि या अर्ध्या तासात त्यांना जागा द्यावी. आपल्या विद्यार्थिनीला पहिली संधी द्यावी, म्हणजे सौदी अरेबियाच्या खुर्चीत बसून तिने जे मांडले त्यातले तिला स्वतःला काय पटले आणि काय पटले नाही, हे ती सर्वांसमोर मोकळेपणाने सांगू शकेल.